विराटाच्या दरबारातील फिर्याद

पुराणकथांनी आपल्या साहित्याला आणि कलांना काय दिले, हा प्रश्न निघाला की बहुधा नामावळी सुरू होते. अमुक नाटक रामायणावरून, तमुक काव्य भागवतावरून, अमुक चित्र नलोपाख्यानावरून. अशी यादी कितीही लांबविता येईल. परंतु तिच्यावरून कथेचा प्रभाव म्हणजे नेमके काय, हे काही उमगत नाही. म्हणून आम्ही येथे एकच कथा घेऊन तिचा माग काढण्याचे योजिले आहे. ही कथा आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असेल. ती म्हणजे महाभारताच्या विराटपर्वातील कीचकवधाची कथा. पोथीतून ती चित्रात गेली, चित्रानंतर रंगभूमीवर आली, तेथे सरकारच्या रोषास पात्र झाली आणि पुढे चित्रपटाच्या पडद्यावर झळकली. मात्र या प्रवासात तिच्यातील एक गोष्ट मागे पडत गेली. तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, हाही या लेखाचा हेतू आहे.

मूळ कथा

बारा वर्षांचा वनवास संपवून पांडव अज्ञातवासाच्या तेराव्या वर्षासाठी मत्स्यदेशाच्या विराट राजाकडे येतात. युधिष्ठिर कंक होऊन राजाशी द्यूत खेळतो, भीम बल्लव या नावाने मुदपाकखाना सांभाळतो, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवितो. नकुल व सहदेव घोडे आणि गाई राखतात. द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णा राणीची वेणीफणी करते, तिच्यासाठी उटणी वाटते. राणीचा भाऊ कीचक हा राज्याचा सेनापती. खरी सत्ता त्याच्याच हाती. त्याची दृष्टी सैरंध्रीवर जाते. तिने नकार देताच तो बहिणीला गळ घालतो, आणि राणी मद्य आणण्याच्या निमित्ताने सैरंध्रीला त्याच्या महाली पाठविते. तेथून ती निसटून राजसभेकडे धावते. कीचक तिच्या मागोमाग येतो आणि भर सभेत तिचे केस धरून तिला लाथ मारतो.

आता पुढचा भाग नीट पाहण्यासारखा आहे. सैरंध्री राजाकडे न्याय मागते. राजा म्हणतो, तुमचे भांडण माझ्या डोळ्यांआड झाले, त्यातील खरेखोटे मला कसे कळावे? सभासद तिची स्तुती करतात, कीचकाची निंदाही करतात. पण जागचे कोणी हलत नाही. आपले गुपित फुटेल म्हणून युधिष्ठिर भीमाला खुणेने आवरतो आणि कंकाच्या भूमिकेत राहून पत्नीलाच सांगतो की ही वेळ नव्हे. नटीसारखी रडत येथे उभी राहू नकोस, आमच्या खेळात व्यत्यय येतो. हे वाक्य वाचताना आजही अंगावर काटा येतो, कारण ते धर्मराजाच्या मुखातून आलेले आहे.

त्या रात्री द्रौपदी मुदपाकखान्यात जाऊन निजलेल्या भीमाला उठविते. येथे व्यासांनी कित्येक अध्याय तिलाच बोलू दिले आहे. द्यूत, वनवास, पतींची दैन्यावस्था, स्वतःचे दास्य, सारे ती एकेक करून मांडते. कुंतीखेरीज जिने कोणासाठी कधी उटणे वाटले नाही, ती आपले चंदन उगाळून घट्टे पडलेले हात पुढे करते. भीम ते हात आपल्या तोंडावर धरून रडतो. थोडे दिवस कळ काढ, असे तो विनवितो. परंतु उद्याचा सूर्य उगवेपर्यंत कीचक जिवंत राहिला तर मी विष घोटून पिईन, असे ती निक्षून सांगते. मग नृत्यशाळेचा बेत ठरतो. कीचकाला तेथे एकट्याने यावयास सांगण्याचे अवघड काम तीच पार पाडते. अंधारात शय्येवर भीम असतो. पुढचे सर्वश्रुत आहे.

पोथीपासून ओवीपर्यंत

या कथेत नाट्य इतके ठासून भरले आहे की कवींनी तिला सोडणे शक्यच नव्हते. नीतिवर्मा नावाच्या कवीने 'कीचकवध' नावाचे यमकांनी व श्लेषांनी नटलेले संस्कृत काव्य रचले. मराठीत मुक्तेश्वराच्या भारताची जी पाच पर्वे आज उपलब्ध आहेत, त्यांत विराटपर्व आहे. मोरोपंतांनी सारे भारत आर्यांत आणले. परंतु घराघरांत ही कथा पोहोचविली ती श्रीधरांच्या 'पांडवप्रतापा'ने. इसवी सन १७१२ मध्ये पूर्ण झालेला हा ओवीबद्ध ग्रंथ चातुर्मासात लावण्याची रीत होती, आणि महाराष्ट्राबाहेर येऊन स्थायिक झालेल्या घराण्यांनी आपल्याबरोबर ज्या पोथ्या आणल्या त्यांत 'हरिविजय', 'रामविजय' आणि 'पांडवप्रताप' यांचा मान मोठा होता. बेळगाव व हैदराबादकडील आमच्या वाचकांना आणखी एक प्रथा ठाऊक असेल: पाऊस लांबला की विराटपर्वाचे वाचन करावयाचे. कर्नाटकात व आंध्रात ही श्रद्धा जुनी आहे.

दक्षिणेत ही कथा नृत्यनाट्यातही रुजली. त्रावणकोर दरबारचे कवी इरयिम्मन तंपी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कथकलीसाठी 'कीचकवधम्' रचले. ते केरळात आजही रंगते. त्याच त्रावणकोर दरबारात १८६२ साली एक चौदा वर्षांचा मुलगा चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाला. त्याचे नाव रविवर्मा.

वडोद्याची चित्रे

रविवर्म्यांचा व मराठी दरबाराचा संबंध वडोदेकरांना सांगावयास नको. १८८८ साली सयाजीराव महाराजांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेण्याचे ठरविले. देवदेवतांना व पुराणपुरुषांना कोणता वेष द्यावा याचा शोध घेण्यासाठी रविवर्मा आपल्या बंधूंसह उत्तर हिंदुस्थानात हिंडले आणि १८९० मध्ये त्यांनी ही चित्रे पुरी केली. 'कीचक आणि सैरंध्री' हे त्याच सालचे चित्र वडोद्याच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे.

या चित्रात वध नाही. भीम नाही, मल्लयुद्ध नाही. पुरुषाची लालसा आणि संकोचाने व भीतीने अंग चोरणारी स्त्री, एवढाच क्षण चित्रकाराने निवडला. युरोपीय पद्धतीच्या तैलरंगांत, छायाप्रकाशाच्या खेळात, हाडामांसाच्या माणसांप्रमाणे ही पात्रे प्रेक्षकांसमोर उभी राहिली. त्यापूर्वी पुराणातील व्यक्ती पोथीतील चित्रांत व मंदिरांच्या भिंतींवर ठराविक साच्यात दिसत असत. रविवर्म्यांनी त्यांना शेजारच्या घरातील माणसांसारखे चेहरे दिले, आणि अनेक नायिकांना महाराष्ट्रीय पद्धतीचे लुगडे नेसविले. १८९४ साली त्यांनी मुंबईस शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील रंगीत छापील चित्रे इतकी स्वस्त होती की ज्यांच्या घरी तैलचित्र कधी येणे शक्य नव्हते अशांच्या देवघरात व माजघरातही पुराणकथा भिंतीवर येऊन बसल्या. आज आपण डोळे मिटून लक्ष्मी किंवा सरस्वती आठवू लागलो की जे रूप दिसते, ते बहुतांशी या छापखान्यातून आलेले आहे.

लाभ मोठा झाला. पण चित्राला एक मर्यादा असते. ते एकच क्षण दाखविते, आणि त्या क्षणी सैरंध्री मूक आहे. विराटाच्या सभेत आणि मुदपाकखान्यात जी अध्याय अध्याय बोलते, ती चित्रात केवळ सोसते. प्रेक्षकाला तिची दया येते. तिचा युक्तिवाद त्याच्या कानी पडत नाही.

खाडिलकरांचा कीचक

पुढचा टप्पा रंगभूमीचा. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून मराठी नाटकाचा पाया घातला तोच पुराणकथेवर. त्याच सांगलीत १८७२ मध्ये जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'त टिळकांचे सहकारी. १९०५ साली वंगभंग झाला, स्वदेशी व बहिष्काराची चळवळ पेटली, काँग्रेसमध्ये नेमस्त आणि जहाल यांचा वाद विकोपास गेला. अशा वेळी, १९०७ मध्ये, खाडिलकरांचे 'कीचकवध' हे गद्य नाटक महाराष्ट्र नाटकमंडळीने रंगभूमीवर आणले.

नाटकात कोणा इंग्रजाचे नाव नव्हते. वेष पौराणिक, प्रसंग पौराणिक, पात्रे पौराणिक. परंतु प्रेक्षकाला कळावयाचे ते कळत होते. मदांध कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे भारतभूमी, सबुरीचा उपदेश करणारा कंक म्हणजे नेमस्त पक्ष आणि दात-ओठ खाणारा बल्लव म्हणजे जहाल पक्ष. हे समीकरण इतके चपखल बसले, कारण मूळ कथेतच ते दडलेले होते. 'अजून वेळ आलेली नाही' असे म्हणणारा भाऊ आणि 'आणखी कशाची वाट पाहावयाची' असे विचारणारा भाऊ व्यासांनीच समोरासमोर उभे केले आहेत. खाडिलकरांनी फक्त दिवा योग्य जागी धरला.

सरकारला हे उमजावयास दोन-तीन वर्षे लागली. दरम्यान १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशकात 'शारदा' नाटकाचा प्रयोग पाहावयास आलेल्या जॅक्सन या कलेक्टरचा नाट्यगृहातच गोळ्या झाडून वध झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १९१० च्या आरंभी, १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्यान्वये 'कीचकवधा'वर बंदी आली. 'लंडन टाइम्स'चे प्रतिनिधी व्हॅलेंटाइन चिरोल यांनी हिंदी असंतोषावर त्याच वर्षी जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात या नाटकाची कथा तपशिलाने देऊन त्यातील रूपक उलगडून दाखविले. एका पौराणिक नाटकाने परकीय सत्तेला किती अस्वस्थ केले होते याचा शत्रूच्या हातचा हा पुरावाच म्हणावयाचा. ज्या कायद्याने ही बंदी आली तो स्वातंत्र्यानंतरही सत्तर वर्षे कागदोपत्री जिवंत राहिला आणि २०१८ च्या प्रारंभी निकालात निघाला.

येथे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. नाटकाने सैरंध्रीला देशाच्या सिंहासनावर बसविले, ही केवढी थोरवी! परंतु भारतमाता झाल्यावर ती एक स्त्री म्हणून उरली का? तिचे घट्टे पडलेले हात, पतीवरचा तिचा राग, दुसऱ्या स्त्रीनेच तिला संकटात लोटल्याचे तिचे दुःख, हे सारे रूपकाच्या प्रखर प्रकाशात फिके पडले. प्रेक्षक घरी जाताना कर्झनचा विचार करीत गेला. घरातल्या किंवा शेजारच्या सैरंध्रीचा विचार त्याने केला असेल की नाही, कोण जाणे.

रोमची ल्युक्रिशिया

हे आपल्याकडेच घडले असे मात्र नव्हे. रोमन लोकांच्या परंपरेत ल्युक्रिशियाची कथा आहे. राजपुत्र टार्क्विन या पतिव्रतेवर अत्याचार करतो. ती पित्याला व पतीला बोलावून सर्व हकीकत सांगते आणि खंजीर खुपसून घेऊन प्राण देते. तिचे शव लोकांपुढे ठेवून ब्रूटस राजसत्ता उलथून टाकण्याची शपथ वाहतो. रोमचे प्रजासत्ताक येथून सुरू झाले असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. शेक्सपियरने १५९४ साली तिच्यावर दीर्घकाव्य लिहिले. टिशियनने अत्याचाराचा क्षण रंगविला. रेम्ब्रांटने १६६४ व १६६६ साली तिची दोन चित्रे काढली; त्यांत अत्याचारी कोठेच नाही, आहे ती खंजीर घेतलेली एकटी स्त्री आणि तिच्या डोळ्यांतील पाणी. युरोपात राजांविरुद्ध बोलावयाचे असले की तिचे नाव निघे. तिचे दुःखही असेच राज्यक्रांतीच्या कामी आले.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे साम्य दिसते, त्याहून महत्त्वाचा भेदही दिसतो. ल्युक्रिशियाला आपल्या निष्कलंकतेचा पुरावा मरणाने द्यावा लागला. सैरंध्री विषाची भाषा बोलते खरी, पण मरत नाही. ती फिर्याद करते. फिर्याद ऐकली जात नाही असे दिसताच दुसरा मार्ग शोधते, बेत पार पाडते आणि कीचक मेल्यावर पहारेकऱ्यांना स्वतः हाक मारून त्याचे प्रेत दाखविते. व्यासांची ही स्त्री अपमानाने खचणारी नाही, हे आपण विसरता कामा नये.

पडद्यावरील सैरंध्री

चित्रपट आला तोही पुराणकथेचे बोट धरून. दादासाहेब फाळके हे वडोद्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. १९१३ साली त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकट झाला आणि थोड्याच वर्षांत कीचकाची पाळी आली. मद्रासेस नटराज मुदलियार यांनी १९१७-१८ च्या सुमारास काढलेला 'कीचकवधम्' हा दक्षिणेतील पहिला मूक कथापट समजला जातो. त्याची प्रत आज उरलेली नाही.

कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि तिचा पहिला मोठा चित्रपट म्हणून 'सैरंध्री'च निवडला. १९२० साली तो पुण्यास लागला. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात पेंटरांनी या चित्रपटात स्त्रियांनाच उभे केले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. टिळकांनी तो पाहून पेंटरांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. कीचकवधाचा प्रसंग मात्र इतका भयानक वठला होता की सरकारी आक्षेपामुळे तो गाळावा लागला. पुढे १९३३ मध्ये 'प्रभात'च्या शांतारामबापूंनी 'सैरंध्री' रंगीत करण्याचे साहस केले. प्रती छापण्यासाठी फिल्म जर्मनीस पाठविली गेली. परंतु रंग मनासारखे उतरले नाहीत आणि तो प्रयत्न फसला.

चित्रपटाने काय उचलले ते यावरून ध्यानी येते. नाव सैरंध्रीचे, परंतु गर्दी खेचली ती भीम-कीचकांच्या झुंजीने. मूकपटात तर तिला शब्दच नव्हते.

फिर्याद कोणी ऐकली?

पुराणकथा टिकते याचे कारण आम्हांस असे वाटते की ती प्रत्येक पिढीला आपला प्रश्न तिच्यात ठेवू देते. चित्रकाराने तिच्यात सौंदर्य पाहिले, नाटककाराने पारतंत्र्य पाहिले, पडद्याच्या कलावंताने पराक्रम पाहिला. यांत कोणी अपराध केला असे आम्ही म्हणत नाही. खाडिलकरांनी तो अर्थ काढला नसता तर 'कीचकवध' पोथीतच राहिला असता. परंतु कथेच्या मध्यभागी जो प्रश्न आहे त्याला हात घालावयाचे काम पुष्कळ दिवस तसेच राहिले. भर दरबारात एक दासी न्याय मागते, ज्याचा शब्द चालतो तोच अपराधी असतो, राजाला साक्षीपुरावा हवा असतो, सज्जन हळहळतात, आणि घरचे लोक 'आता गप्प राहा, आपल्यावर शेकेल' असे सांगतात. हा प्रसंग केवळ मत्स्यदेशातच घडला असे ज्यांना म्हणवेल त्यांनी खुशाल म्हणावे. नोकरीच्या ठिकाणी, सासरी, कधी माहेरीही, अशा फिर्यादी आजही त्याच उत्तरांवर मिटविल्या जातात.

मराठीत या बाजूने पाहण्याचा मोठा प्रयत्न इरावती कर्वे यांनी केला. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'युगान्त'मध्ये द्रौपदीवर स्वतंत्र लेख आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेल्या द्रौपदीपाशी भीम परत येतो, असा प्रसंग त्यांनी आपल्या कल्पनेने त्यात रचला आहे. पाच पतींपैकी तिचे दुःख खरोखर कोणी आपले मानले, याचा उलगडा तिला अखेरच्या क्षणी होतो. मुदपाकखान्यातील ती रात्र ज्यांनी वाचली आहे त्यांना ही कल्पना उपरी वाटणार नाही. तिचे बीज व्यासांनीच पेरून ठेवले आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत या कथांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. मुले शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा इंग्रजी शिकतात. ओव्यांचे वाचन बहुतेक घरांत थांबले आहे. आणि कीचक त्यांना भेटलाच तर दूरदर्शनवरच्या मालिकेत किंवा चित्रमय पुस्तकात, गदा व मिशा यांसह भेटतो. तेही वाईट नाही. परंतु कथा सांगताना आपण काय निवडतो आणि काय गाळतो याकडे वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यावे. मुलग्याला भीमाचा पराक्रम सांगताना सभेत गप्प बसलेल्या सज्जनांविषयीही दोन शब्द सांगावेत. मुलीला सैरंध्रीचा अपमान सांगितला तर तिची फिर्याद आणि तिची हिंमतही सांगावी. 'पांडवप्रताप' घरात असेल तर हा भाग एका संध्याकाळी मोठ्याने वाचण्यास फार वेळ लागणार नाही. वडोद्यास जाणे झाले तर रविवर्म्यांची चित्रे मुलांना अवश्य दाखवावीत, आणि या चित्रातील बाई पुढे काय बोलली असेल, असे त्यांना विचारावे.

विराटपर्वात या प्रकरणाचा शेवट अगदी शांतपणे होतो. कीचकाच्या भावांचाही भीमाने निकाल लावल्यावर राजा व राणी धास्तावतात, आणि सुदेष्णा सैरंध्रीला नगर सोडून जावयास सांगते. जिच्यावर अन्याय झाला तिलाच घर सोडण्याची आज्ञा! सैरंध्री भांडत नाही, रडतही नाही. आणखी तेरा दिवस मला राहू द्यावे, एवढेच ती मागते. अज्ञातवासाची मुदत संपावयास किती दिवस उरले आहेत, याचा हिशेब तिने मनात ठेवलेला असतो.